आणखी एक आटा

१८९५च्या जानेवारीची ५ तारीख. लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात हेन्री जेम्सच्या 'गाय डॉमव्हिल' या नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि नाटककाराचाच पत्ता नव्हता. धाकधुकीने त्याला तिथे बसवेना, म्हणून तो दुसऱ्या थिएटरात जाऊन ऑस्कर वाइल्डचं 'अ‍ॅन आयडियल हजबंड' बघत बसला. ते त्याला अगदी सुमार वाटलं. प्रेक्षक मात्र खूश होते. तिथेच त्याचा धीर सुटला. परत आला तेव्हा स्वतःच्या नाटकाचा शेवटचा पडदा पडत होता. लेखकाच्या नावाचा पुकारा झाला, त्याला रंगमंचावर आणलं गेलं आणि स्वस्त जागांवरच्या मंडळींनी त्याची हुर्यो उडवली. नाटक कसंबसं महिनाभर रेटलं. त्याच्या जागी त्याच थिएटरात वाइल्डचं पुढचं नाटक आलं, आणि ते तुफान चाललं.

पाच दिवसांनी हा एक्कावन्न वर्षांचा दुखावलेला गृहस्थ लंडनच्या दक्षिणेला अ‍ॅडिंग्टन इथे गेला, कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांच्या घरी. शेकोटीपाशी गप्पा भुताखेतांवर आल्या. आर्चबिशपांनी फार पूर्वी कुणा बाईंकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली, तीही जेमतेम आठवणारी. खेड्यातलं जुनं घर, आईबाप नसलेली मुलं, त्यांना सांभाळणारे वाईट चालीचे नोकर. नोकर मुलांना बिघडवतात, मग मरतात, आणि मेल्यावरही त्यांना बोलवायला येतात. बस्स, एवढंच. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. जेम्सने १२ तारखेला ती वहीत टिपून ठेवली आणि जवळपास तीन वर्षं ती वहीतच राहिली. आर्चबिशपांचे आर्थर, एडवर्ड आणि रॉबर्ट ह्यू हे तीन मुलगे पुढे लेखक झाले, तिघांनीही भुतांच्या गोष्टी लिहिल्या; पण बापाच्या तोंडची गोष्ट पळवली ती पाहुण्याने.

तीच 'द टर्न ऑफ द स्क्रू'. १८९८च्या जानेवारी ते एप्रिल या काळात 'कोलियर्स वीकली' या अमेरिकन साप्ताहिकात ती क्रमशः आली आणि त्याच वर्षी 'द टू मॅजिक्स' नावाच्या पुस्तकात दुसऱ्या एका कथेबरोबर छापली गेली. लांबी म्हणाल तर एका बैठकीत संपेल इतकी. तिच्यावर लिहिलेली पुस्तकं आणि लेख वाचायला मात्र वर्ष पुरायचं नाही.

जेम्सने ती लिहायला घेतली तेव्हा इंग्लंडातल्या जुन्या वाड्यांच्या भुतांची पत पार घसरली होती. होरेस वॉल्पोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'मधून १७६४ साली जे दुकान मांडलं, त्यातला माल सव्वाशे वर्षं विकून जुना झाला होता. साखळ्यांचा खणखणाट, रक्ताचे डाग, तसबिरीतून उतरणारे पूर्वज. वाइल्डने १८८७ साली 'द कँटरव्हिल गोस्ट'मध्ये या सगळ्याची मस्त टर उडवली: वाडा विकत घेणारं अमेरिकन कुटुंब भुताला सांगतं की रात्री साखळ्या वाजतात, तेवढं त्यांना तेल घाला, आणि जमिनीवरचा रक्ताचा डाग बाजारातल्या डागनाशकाने पुसून काढतं. असं हसू झाल्यावर कोणतं भूत मान वर करील?

दुसरीकडे शास्त्रीय मंडळी होती. १८८२ साली लंडनमध्ये 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' स्थापन झाली. मेलेलं माणूस कधी दिसलं का, कुणाचा आवाज ऐकू आला का, असे प्रश्न तिने १७,००० लोकांना विचारले आणि १८९४ साली जाडजूड अहवाल छापला. जेम्सला हे घरबसल्या ठाऊक होतं, कारण १८९४-९५ मध्ये या संस्थेचा अध्यक्ष होता त्याचाच थोरला भाऊ, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स. विल्यमने मिसेस पायपर या अमेरिकन माध्यम बाईंविषयी लिहिलेला निबंध १८९० साली लंडनच्या सभेत हेन्रीनेच उभं राहून वाचून दाखवला होता. या नव्या, नोंदवहीतल्या भुतांबद्दल त्याची तक्रार साधी होती: ती येतात, दिसतात, साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि भीती मात्र कुणालाच वाटत नाही.

भीती कशाला म्हणतात हे जेम्सच्या घरात माहीत होतं. हेन्री वर्षाचा असताना, १८४४च्या मे महिन्यात, विंडसरजवळच्या भाड्याच्या घरात जेवण उरकून त्याचे वडील टेबलापाशी एकटेच बसले होते. पोट भरलेलं, शेकोटी पेटलेली, कसली चिंता नाही. आणि एकाएकी त्यांना वाटलं, खोलीत काहीतरी दबा धरून बसलंय. दिसत काहीच नव्हतं. काही क्षणांत धडधाकट माणूस लहान पोरासारखा लटपटायला लागला. त्यातून सावरायला त्यांना पुढे वर्षं लागली. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मुलाच्या कथेतली भुतं अशी भरल्या घरात, उजेडी येतात, याचं मूळ शोधायला लांब जायला नको.

आता कथेकडे. नाताळची आदली रात्र, एका जुन्या घरात शेकोटीभोवती पाहुणे बसलेत. इंग्लंडात भुतांच्या गोष्टींचा हंगाम हाच. डिकन्सने १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरल' लिहून तो पक्का केला होता. कुणीतरी एक गोष्ट सांगतो, तिच्यात भूत एका लहान मुलाला दिसतं. ऐकणारे शहारतात. डग्लस नावाचा पाहुणा म्हणतो, लहान मूल आलं की स्क्रूचा एक आटा आणखी आवळला जातो. मग दोन मुलं असली तर? त्याच्याजवळ अशी गोष्ट आहे, पण लगेच सांगता येत नाही. ती एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे, तिला जाऊन वीस वर्षं झाली, आणि ते हस्तलिखित लंडनमध्ये कुलूपबंद खणात आहे. किल्ली पत्रात घालून नोकराला पाठवावी लागेल. सगळे ताटकळतात. तिसऱ्या दिवशी टपालाने पुडकं येतं आणि चौथ्या रात्री वाचन सुरू होतं.

टपाल, किल्ली, खण, हस्तलिखित. वाचकाने हे बारकाईने बघावं. या कथेत भुतं किती वेळा दिसतात ते मोजणारे पुष्कळ झाले, पत्रं मोजणारे कमी. तिच्यात जे काही भयंकर घडतं, ते कुणीतरी कुणाला तरी न लिहिल्यामुळे, न पाठवल्यामुळे किंवा न वाचल्यामुळे घडतं.

हस्तलिखित लिहिणारी बाई म्हणजे तेव्हाची वीस वर्षांची मुलगी, खेड्यातल्या गरीब पाद्र्याचं शेंडेफळ. पहिलीच नोकरी धरायला ती लंडनला येते. हार्ली स्ट्रीटवरचा देखणा, श्रीमंत, अविवाहित मालक तिला गव्हर्नेस म्हणून नेमतो, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवायचं आणि वळण लावायचं काम. मुलं त्याच्या धाकट्या भावाची. एसेक्समधल्या ब्लाय नावाच्या त्याच्या वाड्यात असतात. पगार तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. अट एकच: काहीही झालं तरी मला कळवायचं नाही. तक्रार नको, विचारणा नको, पत्र नको. बरं-वाईट काय ते तूच निस्तर.

गव्हर्नेसच्या नोकरीचा भाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या मोठ्या पगारातच पहिली धोक्याची घंटा ऐकू येईल. शार्लट ब्राँटीने १८४१ साली ही नोकरी केली तेव्हा तिला वर्षाला २० पौंड मिळत, आणि कपडे धुण्याचे पैसे कापून हातात पडत साधारण १६. तिच्या जेन एअरला थॉर्नफील्डमध्ये मिळाले ३० पौंड, आणि तिथे माळ्यावर काय होतं ते जगजाहीर आहे. पैशांहून वाईट होती ती त्या बाईची घरातली जागा. मालकांच्या पंगतीला बसवावं तर ती नोकर, नोकरांत बसवावं तर ती शिकलेली पाद्र्याची मुलगी. ना घरची ना घाटची. जेम्सने तिला नाव सुद्धा दिलेलं नाही. चोवीस प्रकरणं ती 'मी' म्हणून बोलते आणि शेवटपर्यंत तिला कुणी नावाने हाक मारत नाही.

ही मुलं पोरकी झाली कशी? जेम्स हे एका वाक्यात उरकतो, आणि मराठी वाचकाने नेमकं तिथे थांबावं. माइल्स आणि फ्लोरा यांचे आईवडील हिंदुस्थानात वारले. बाप लष्करात होता. म्हणजे एसेक्सच्या या वाड्यातलं पोरकेपण आपल्याकडून गेलेलं आहे. त्या काळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांची मुलं पाच-सहा वर्षांची झाली की बोटीवर चढवून 'घरी', म्हणजे त्यांनी कधी न पाहिलेल्या देशात, परक्यांच्या हवाली केली जात. मुंबईत १८६५ साली जन्मलेला रुडयार्ड किपलिंग हा त्यातलाच. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. १८७१ साली त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडात साउथसी इथे पैसे भरून ठेवलं गेलं. तिथल्या बाईने त्याचा जो छळ केला, त्यावर त्याने १८८८ साली 'बा बा, ब्लॅक शीप' ही कथा लिहिली. जेम्स किपलिंगला जवळून ओळखत होता. १८९२च्या जानेवारीत लंडनमध्ये किपलिंगचं लग्न झालं, तेव्हा नवरीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेणारा गृहस्थ होता हेन्री जेम्स.

ब्लायला पोचल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी पहिलं पत्र येतं. माइल्सच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ते काकाला लिहिलेलं. काकाने ते न फोडताच गव्हर्नेसकडे धाडलंय, वर चिठ्ठी: तूच वाच, तूच बघ, मला काही सांगू नकोस. दहा वर्षांच्या मुलाला शाळेतून काढलंय. का, ते पत्रात नाही. ती ते पत्र घराची व्यवस्था बघणाऱ्या मिसेस ग्रोसपुढे धरते, आणि मिसेस ग्रोस हात पाठीमागे घेते. तिला वाचता येत नाही. दोन ओळींचा प्रसंग आहे, पण पुढे सगळा वेळ लक्षात राहतो. मुलांचं बघणारी मोठी माणसं दोनच. एकीला दिसतं ते दुसरीला दिसत नाही, आणि दुसरीला वाचताही येत नाही, तेव्हा ती पहिलीच्या शब्दावर किती भरवसा ठेवणार?

मग मुलं काकाला पत्रं लिहितात. सुरेख पत्रं. गव्हर्नेस ती लिहू देते, पण टपालात टाकत नाही, जपून ठेवते. आजही माझ्याजवळ आहेत, असं ती वर लिहिते. हे वाक्य ती इतक्या प्रेमाने लिहिते की वाचणारा पुढे सरकतो आणि मागाहून दचकतो. मुलांची पत्रं अडवून ठेवणारी ही बाई कोण? शेवटी अट मोडून ती स्वतः मालकाला पत्र लिहिते. ते पत्र जातं कुठे, हे कथेच्या पुढच्या पानांत कळेल. इथे फोडलं तर वाचकाचा अपराध होईल.

भुतं दोन. पीटर क्विंट, मालकाचा खासगी नोकर: तांबडे कुरळे केस, डोक्यावर टोपी नाही, अंगावर दुसऱ्याचे कपडे. गुत्त्यातून परतताना बर्फाळ उतारावर तो पडून मेला. आणि मिस जेसेल, आधीची गव्हर्नेस, सुट्टीला म्हणून गेली ती परत आली नाही. दोघंही एक शब्द बोलत नाहीत. आपल्याकडचा पिंपळावरचा मुंजा काहीतरी मागतो तरी. त्याची सोडमुंज राहिलेली असते, गावाला ते ठाऊक असतं. ही दोघं काहीच मागत नाहीत. नुसती उभी राहून बघतात.

त्यातला एक प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. रविवार, पाऊस पडून गेलेला. गव्हर्नेसला आठवतं की हातमोजे जेवणघरात राहिले. ते घ्यायला ती आत जाते, तर खिडकीच्या काचेपलीकडे तोच माणूस, जो आधी मनोऱ्यावर दिसला होता. तो तिच्याकडे बघतो, मग नजर खोलीभर फिरवतो, आणि तिला उमगतं की तो दुसऱ्याच कुणाला शोधतोय. ती घाबरून पळत नाही; उलट दारातून बाहेर धावते. बाहेर कुणी नाही. मग तिला काय सुचतं? तो जिथे उभा होता तिथेच ती जाऊन उभी राहते आणि काचेला तोंड लावून आत बघते. त्याच क्षणी मिसेस ग्रोस खोलीत येते, खिडकीत तो चेहरा बघते, आणि पांढरीफटक पडते.

मिसेस ग्रोसला तिथे भूत दिसलेलं नाही. तिला गव्हर्नेस दिसली आहे. जेम्स यावर चकार शब्द बोलत नाही, पण हीच युक्ती तो पुढे पुन्हा वापरतो: गव्हर्नेस थकून जिन्याच्या पायरीवर बसते आणि तिला आठवतं, याच पायरीवर जेसेल बसली होती, शिकवणीच्या खोलीत येते तर तिच्याच टेबलापाशी जेसेल. भुतांच्या जागा आणि तिच्या जागा एकच होत जातात.

आणि इथून भांडण सुरू झालं. १९२४ साली एडना केंटन या समीक्षिकेने शंका काढली आणि १९३४ साली एडमंड विल्सनने ती ठणकावून मांडली: भुतं नाहीतच. पाद्र्याच्या घरात दडपून वाढलेली मुलगी, एका भेटीत मालकाच्या प्रेमात पडलेली, आणि जे मनात कोंडलं ते तिला मनोऱ्यावर नि तळ्याकाठी दिसतं. विल्सनने फ्रॉइडला हाताशी धरून एकूण एक वस्तू तपासली. तळ्याकाठी आठ वर्षांची फ्लोरा भोक पडलेल्या एका चपट्या लाकडात दुसरी काडी खुपसत असते, त्यातही त्याला अर्थ सापडला. पोरीला बिचारीला होडीची डोलकाठी करायची होती.

विल्सनच्या विरोधकांकडे एक भक्कम पुरावा होता. गव्हर्नेसने क्विंटचं नाव कधी ऐकलेलं नसताना ती त्याचं वर्णन करते आणि मिसेस ग्रोस त्याला लगेच ओळखते. मनाचेच खेळ असतील तर तांबडे केस कुठून आले? विल्सनने पुढच्या आवृत्त्यांत आपलं म्हणणं कधी सैल केलं, कधी पुन्हा आवळलं. एखाद्याचा स्क्रू ढिला आहे असं आपण सहज म्हणतो. इथे एका पात्राचा स्क्रू ढिला की घट्ट, यावर विद्यापीठांतल्या पिढ्या खर्ची पडल्या. समीक्षक स्व्हेतान तोदोरोव्हने १९७० साली वेगळाच रस्ता धरला: हे की ते, असं ठरवता न येणं, हेच त्याच्या मते अद्भुत साहित्याचं लक्षण. युक्तिवाद चोख आहे, पण मध्यरात्री वाचणाऱ्याला त्याने धीर येत नाही. खुद्द जेम्सने १९०८च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ही कथा म्हणजे हुशार वाचकांसाठी लावलेला सापळा असल्याचं सुचवून ठेवलं होतं. मुलांच्या बाबतीत नेमकं काय वाईट घडलं, हे त्याने मुद्दामच लिहिलं नाही. वाचकाने स्वतःच्या मनातलं वाईट तिथे आणून भरावं, असा त्याचा डाव होता.

कथा त्याने लिहिली, असं म्हणणंही तितकंसं खरं नाही, कारण ती त्याने हाताने लिहिलीच नव्हती. १८९७ साली मनगट दुखून लेखणी धरवेना, म्हणून त्याने विल्यम मॅकअल्पाइन नावाचा स्कॉटिश लेखनिक ठेवला. जेम्स खोलीत येरझारा घालत वाक्यं सांगायचा आणि मॅकअल्पाइन रेमिंग्टन टाइपरायटरवर बडवायचा. जगाला घाबरवायला निघालेला लेखक पहिला परिणाम लेखनिकाच्या चेहऱ्यावर शोधत होता. चेहरा दगड. अंगावर काटा यावा असं वाक्य संपलं की तो शांतपणे पुढचं विचारायचा. ही आठवण जेम्सने नंतर स्वतःच हसत सांगितली. त्याच दिवसांत त्याने ससेक्समधल्या राय गावातलं लँब हाउस भाड्याने घ्यायचा करार केला होता. म्हणजे एक जुनं घर राहायला घेत असतानाच तो दुसऱ्या जुन्या घरात भुतं सोडत होता.

या कथेला नंतर इतर कलांनी हात घातला, आणि प्रत्येकीची अडचण एकच होती: कागदावर संदिग्ध ठेवता येतं ते रंगमंचावर दिसतं, ऐकू येतं. बेंजामिन ब्रिटनने १९५४ साली व्हेनिसमध्ये तिचा ऑपेरा केला. ऑपेरात न गाता कसं उभं राहायचं, म्हणून मायफॅन्वी पायपरच्या संहितेत भुतांना तोंड फुटलं. पण रचना बेमालूम आहे: सप्तकातले बाराही स्वर घेऊन बांधलेलं एक सूत्र, आणि दर प्रवेशाआधी त्याचं एकेक रूप, अशी पंधरा. कथेचं नाव सुरांत उतरवायला याहून चांगली युक्ती सुचणं कठीण. जॅक क्लेटनचा 'द इनोसंट्स' हा कृष्णधवल चित्रपट १९६१चा, पटकथेत ट्रुमन कपोटीचा हात. स्टुडिओने रुंद पडद्याचा आग्रह धरला, तेव्हा छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिसने फिल्टर रंगवून चौकटीच्या दोन्ही कडा काळोख्या केल्या, म्हणजे गव्हर्नेस झालेली डेबोरा कर दिवा घेऊन चालते तेव्हा उजेडाच्या बाहेर काय आहे ते आपल्याला कळू नये. त्यात जेसेल टेबलापाशी रडून नाहीशी होते आणि टेबलावर एक ओला थेंब राहतो. प्रसंग सुंदर आहे. पण तो थेंब म्हणजे पुरावा, आणि जेम्सने पुरावा दिला नसता.

कथेचा शेवट अर्थातच इथे सांगायचा नाही. एवढंच सांगता येईल की शेवटच्या वाक्यानंतर कथा शेकोटीपाशी परत येत नाही. डग्लस काय म्हणाला, पाहुण्यांना काय वाटलं, काही नाही. सुरुवातीला मात्र त्या बैठकीत कुणीतरी डग्लसला विचारतं, या गोष्टीचं नाव काय? तो म्हणतो, नाव नाही. कथा सांगणारा पाहुणा म्हणतो, माझ्याकडे आहे. पण डग्लसने लाल पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची ती जुनी वही उघडली आहे, आणि तिकडे लक्ष न देता तो स्वच्छ आवाजात वाचायला लागला आहे.